वाचकांचे प्रश्न : बाळ आज कमी फिरतंय, थांबायचं की निघायचं?

या वेळच्या पत्रांतली बरीचशी पत्रं एकाच विषयावर आहेत : पोटातल्या बाळाची हालचाल. कुणाला ती अजून जाणवत नाही, कुणाला मोजायची कशी ते कळत नाही, कुणाला घरातून एक आणि दवाखान्यातून दुसरंच सांगितलं जातं. म्हणून हे सगळे प्रश्न एकत्र घेतले आहेत. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो : हे वाचत असताना बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटत असेल, तर वाचन बाजूला ठेवा आणि आधी दवाखान्यात फोन करा.

प्रश्न : पहिलंच बाळंतपण आहे, २१ वा आठवडा चालू आहे. अजून काहीच जाणवत नाही. माझ्या जाऊबाईंना चौथ्या महिन्यातच कळलं होतं म्हणे. सोनोग्राफीत सगळं ठीक आहे, फक्त वार (प्लासेंटा) पुढच्या बाजूला आहे असं लिहिलंय. काळजी करण्यासारखं आहे का?

उत्तर : सध्या नाही. पहिलटकरणीला हालचाल साधारण १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यान कळू लागते, पण त्यात दोन-तीन आठवडे मागेपुढे होतात. एक बाळंतपण झालेलं असेल तर १६ व्या आठवड्यातही ओळखता येते, कारण काय शोधायचं ते माहीत असतं. जाऊबाईंचं ते दुसरं बाळंतपण होतं का, विचारून पाहा.

बाळ खरं तर आठव्या आठवड्यापासूनच हलत असतं, सोनोग्राफीत ते दिसतंही. पण तेव्हा ते इतकं लहान असतं की त्याचा धक्का गर्भाशयाच्या भिंतीपर्यंत पोचत नाही. तुमच्या बाबतीत वार पुढे असल्यामुळे बाळ आणि पोटाची भिंत यांच्यामध्ये वारेचा जाड थर आहे, त्यामुळे सुरुवातीच्या हलक्या हालचाली तिथेच विरतात. त्या पोटाच्या मधोमध शोधण्यापेक्षा ओटीपोटात, अगदी खाली आणि दोन्ही कडांना शोधा. रात्री आडवं झाल्यावर गॅस फिरतोय असं वाटलं आणि ते दोन-तीन दिवस त्याच सुमारास परत वाटलं, तर ते बहुधा बाळच.

२४ आठवडे पूर्ण होईपर्यंत एकदाही हालचाल जाणवली नाही, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा. आणखी एक लक्षात ठेवा : वार पुढे असण्याचं कारण आत्ता चालतं, २८ आठवड्यांनंतर चालत नाही. तेव्हा बाळाला पुरेसा जोर आलेला असतो. रोज जाणवणारी हालचाल कमी झाली आणि कुणी ‘वार पुढे आहे ना, म्हणून’ असं म्हणालं, तर तपासणी झाल्याशिवाय ते मान्य करू नका.

प्रश्न : हालचाल नेमकी मोजायची कशी? आधीच्या डॉक्टरांनी तिन्ही जेवणांनंतर एकेक तास मोजायला सांगितलं होतं. आता बदली झाल्यावर नव्या ठिकाणी ‘दहा होईपर्यंत मोजा’ असं सांगतात. खरं कुठलं?

उत्तर : दोन्ही पद्धती वापरात आहेत.

पहिलीत सकाळी, दुपारी आणि रात्री खाणं झाल्यावर एकेक तास मोजायचं. तिन्ही तासांच्या आकड्यांची बेरीज करून तिला ४ ने गुणलं की १२ तासांचा अंदाज मिळतो. १२ तासांत १० पेक्षा कमी किंवा तासाला ३ पेक्षा कमी हालचाली भरल्या, तर तो इशारा समजतात. पद्धत चांगली आहे, पण दिवसाचे तीन तास द्यावे लागतात. नोकरी करणारीला, किंवा घरात दोन वर्षांचं मूल असलेल्या बाईला ते जमत नाही. मग आकडे अंदाजाने भरले जातात आणि त्या कागदाला काही अर्थ उरत नाही.

दुसरी पद्धत आम्हाला जास्त व्यवहार्य वाटते. २८ व्या आठवड्यापासून सुरू करा. बाळ ज्या वेळी सर्वांत जास्त फिरतं ती वेळ निवडा. बहुतेकींना ती संध्याकाळनंतर सापडते. रोज तीच वेळ ठेवा. आधी लघवीला जाऊन या, टीव्ही बंद करा, फोन हाताशी नको. डाव्या कुशीवर आडव्या व्हा, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये एक उशी घ्या, हात पोटावर ठेवा. घड्याळातली वेळ लिहा आणि मोजायला लागा. दहावी हालचाल झाली की पुन्हा वेळ लिहा. संपलं. लाथ, ढुशी, कूस बदलणं, सरपटल्यासारखं काहीही असो, प्रत्येक हालचाल एक. सलग चाललेली वळवळ ती थांबेपर्यंत एकच धरा. उचकी धरू नका. ठरावीक अंतराने, एकाच जागी टुक टुक होत राहतं ती उचकी. ती बाळाच्या हातात नसते.

बहुतेक बाळं अर्ध्या तासाच्या आतच दहा पूर्ण करतात. मर्यादा दोन तासांची ठेवतात, त्यामागे कारण आहे. पोटात बाळाची झोप एका वेळी साधारण २० ते ४० मिनिटांची असते आणि निरोगी बाळ ९० मिनिटांहून जास्त सलग झोपणं विरळाच. म्हणजे तुम्ही मोजायला बसलात आणि ते नेमकं झोपलं असलं, तरी दोन तासांत त्याची झोप उरकून ते फिरायला लागायला हवं. दोन तास लक्ष देऊनही दहा भरल्या नाहीत, तर त्याचा अर्थ ‘झोपलं असेल’ असा लावता येत नाही.

पण मोजणीत खरा उपयोग दहाच्या आकड्याचा नाही, त्याला लागलेल्या वेळेचा आहे. समजा वहीत असं लिहिलं आहे : सोमवारी ९ वाजता सुरू, ९.२० ला दहा. मंगळवारी ९.२५. बुधवारी ९.१५. गुरुवारी ९.२०. शुक्रवारी मात्र १०.३० वाजले. शुक्रवारीही दहा भरल्या आणि दोन तासांच्या आतच भरल्या. तरीही हा दिवस वेगळा आहे, नेहमीच्या चौपटीहूनही जास्त वेळ लागला आहे. शुक्रवारी रात्रीच फोन करायचा. उलट एखादीच्या बाळाला रोजच ५० मिनिटं लागत असतील, तर तिला ५० मिनिटं म्हणजे नेहमीसारखंच. म्हणून शेजारणीच्या वहीशी तुलना करू नका, कालच्या आपल्याच पानाशी करा.

चुका कुठे होतात तेही सांगतो. स्वयंपाक करताना किंवा चालताना मोजलं तर निम्म्या हालचाली कळतच नाहीत, कारण शरीर हलत असलं की आतलं हलणं जाणवत नाही. फक्त जोराच्या लाथा मोजल्या तर शेवटच्या महिन्यात आकडा उगाच घसरतो. पाठीवर उताणं झोपून मोजलं तर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येऊन चक्कर, मळमळ होऊ शकते. आणि पहिल्या वेळी कमी वाटलं म्हणून दिवसभर पुन्हा पुन्हा मोजत बसलं, तर त्यात निघायची वेळ टळते.

प्रश्न : मी वाचलं की हालचाली मोजल्याने बाळं वाचतात असं संशोधनात सिद्ध झालेलं नाही. मग हा ताण घ्यायचा कशाला?

उत्तर : तुम्ही वाचलं ते खरं आहे. १९८९ साली ६८ हजारांहून जास्त गर्भवतींवर झालेल्या मोठ्या अभ्यासात रोज मोजणाऱ्या गटात मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. २०१८ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या ३३ रुग्णालयांत चार लाखांहून अधिक गर्भवतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हालचालींबद्दल जागरूकता वाढवून पुढची तपासणी ठरावीक पद्धतीने केली, तरी मृतजन्मांत ठोस घट आढळली नाही. कळा आणवण्याचं आणि सिझेरियनचं प्रमाण मात्र वाढलं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ च्या शिफारशींत सरसकट सगळ्यांनी रोज तक्ता भरावा असं म्हटलेलं नाही.

पण यातून ‘हालचालींकडे लक्ष देऊ नका’ असा निष्कर्ष निघत नाही, आणि तो काढला जातो याची आम्हाला खरोखर काळजी वाटते. तक्ता भरणं वेगळं आणि बदल ओळखणं वेगळं. ज्या आयांचं बाळ पोटातच गेलं त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणींना आधी हालचाल कमी झाल्याचं जाणवलं होतं, असं ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत नोंदवलं आहे. त्याच सूचनांत दुसरी बाजूही आहे : एकदाच हालचाल कमी वाटून आलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के जणींचं पुढचं सगळं सुरळीत पार पडतं.

म्हणून आमचं मत असं. पहिले एक-दोन आठवडे रोज मोजा, म्हणजे बाळाचा रोजचा क्रम अंगवळणी पडेल. त्यानंतर वहीचा ताण होत असेल तर ती सोडा, पण रोज १५ मिनिटं डाव्या कुशीवर शांत पडून बाळाकडे लक्ष द्या : जोर कसा आहे, कुठल्या प्रकारची हालचाल आहे, कुठल्या बाजूला आहे. ज्यांना रक्तदाब, मधुमेह आहे, बाळाची वाढ कमी आहे किंवा आधी मृतजन्म झाला आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांनी सांगितलेली मोजणी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

प्रश्न : माझ्या सुनेचे ३७ आठवडे पूर्ण झालेत. दोन दिवस बाळ कमी फिरतंय म्हणते. दिवस भरत आले की जागा कमी पडते, बाळ खाली सरकतं आणि शांत होतं, असंच आम्ही ऐकत आलो. ती फारच घाबरते. तिला कसं समजवावं?

उत्तर : काकू, तिला समजावू नका, आजच दवाखान्यात घेऊन जा. दोन दिवस आधीच गेले आहेत.

तुम्ही ऐकलेल्या गोष्टीत अर्धं खरं आहे, म्हणूनच ती इतकी टिकून आहे. साधारण ३२ आठवड्यांपर्यंत हालचाली वाढत जातात आणि नंतर त्या स्थिरावतात. जागा कमी झाली की प्रकार बदलतो : गिरक्या आणि उसळ्या कमी होतात, पोटाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला फुगवटा सरकणं, बरगडीखाली टाच रुतणं असं जास्त होतं. पण बाळ गप्प होत नाही. कळा सुरू होईपर्यंत, आणि कळा चालू असतानाही, ते हलत राहायला हवं.

हालचाल कमी का होते हे कळलं की घाई का करायची तेही पटेल. वार अपुरी पडू लागली की बाळाला प्राणवायू कमी मिळतो. तेव्हा बाळाचं शरीर रक्त मेंदू आणि हृदयाकडे वळवतं आणि ज्यात शक्ती खर्च होते ते हातपाय हलवणं कमी करतं. हा बाळाचा बचाव आहे, पण तो किती काळ टिकेल ते बाहेरून सांगता येत नाही. या टप्प्यावर आई पोचली तर डॉक्टरांच्या हातात करण्यासारखं बरंच असतं, आणि ३७ आठवड्यांना तर बाळ बाहेर काढण्याचा पर्यायही सोपा असतो.

प्रश्न : काल बाळ खूपच शांत होतं. सगळ्यांनी थंड, गोड सरबत प्यायला सांगितलं. प्यायल्यावर दोन लाथा मारल्या, म्हणून गेलो नाही. बरोबर केलं का?

उत्तर : आज पुन्हा नेहमीसारखं फिरत नसेल, तर ही ओळ वाचून निघा. गोड किंवा थंड प्यायल्याने हालचाल वाढतेच असं खात्रीने सांगता येत नाही, आणि दोन लाथा म्हणजे ‘नेहमीसारखं’ नव्हे. भूक लागली असेल तर खा, पाणी प्या, डाव्या कुशीवर पडा, लक्ष द्या. हे सगळं दोन तासांच्या आतलं. हालचाल खरंच कमी आहे का अशी शंका असेल तर हे एकदा करून पाहा, कमी असल्याची खात्रीच असेल तर एकदाही नाही. हालचाल अगदीच थांबली आहे, अंगावरून रक्त जातंय, पाणी जातंय, पोट दगडासारखं कडक होऊन दुखायचं थांबत नाही, किंवा डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी येते आहे, यातलं काहीही असेल तर मोजत बसू नका, सरळ निघा. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

प्रश्न : दवाखान्यात गेल्यावर नेमकं काय करतात? मैत्रिणीची एनएसटी (बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढायची तपासणी) केली, आधी ‘बरोबर आली नाही’ म्हणाले, मग ‘ठीक आहे’ म्हणाले. यावर विश्वास कसा ठेवायचा?

उत्तर : आधी बाळाचे ठोके ऐकतात, तुमचा रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन तपासतात, पोटाची उंची टेपने मोजतात. २८ आठवड्यांच्या पुढे असाल तर एनएसटी लावतात. किंचित डावीकडे कलून, टेकून बसवतात. पोटावर दोन पट्टे येतात : एकाखाली बाळाचे ठोके टिपणारी चकती, दुसऱ्याखाली गर्भाशय कडक होतंय का ते टिपणारी. हातात एक बटण देतात, हालचाल जाणवली की ते दाबायचं.

कागदावर चार गोष्टी पाहतात. ठोक्यांचा पाया मिनिटाला ११० ते १६० मध्ये हवा. रेषा सपाट नको, बारीक दातेरी हवी. बाळ हललं की ठोके वाढायला हवेत : ३२ आठवड्यांनंतर २० मिनिटांत किमान दोनदा, प्रत्येक वेळी १५ ठोक्यांनी आणि १५ सेकंद टिकून. त्याआधीच्या बाळासाठी १० ठोके आणि १० सेकंद पुरतात. चौथी गोष्ट म्हणजे ठोके मध्येच खाली घसरत नाहीत ना.

मैत्रिणीचं बाळ पहिली २० मिनिटं बहुधा झोपलं असावं. झोपेत ठोके वाढत नाहीत, म्हणून तपासणी ४० मिनिटांपर्यंत चालू ठेवतात, कधी पोटावर आवाजाचं छोटं यंत्र टेकवून बाळाला जागं करतात. पहिला कागद अपुरा आणि दुसरा चांगला आला, तर चांगलाच धरतात.

एनएसटी चांगली आली म्हणजे बाळ त्या वेळी ठीक आहे. पण वाढ खुंटली आहे का ते एनएसटी सांगत नाही. त्यासाठी सोनोग्राफी लागते : बाळाचं माप, विशेषतः पोटाचा घेर, गर्भजल आणि डॉपलर, म्हणजे नाळेतल्या रक्तप्रवाहाची तपासणी. आणखी खात्री हवी असेल तर अर्ध्या तासात बाळाची श्वासासारखी छातीची हालचाल, अंगाची हालचाल, हातपाय आखडून सोडण्याची ताकद आणि पाणी पाहून, एनएसटी धरून १० पैकी गुण देतात. ८ किंवा १० चांगले, ६ म्हणजे पुन्हा पाहायचं, ४ किंवा कमी म्हणजे गंभीर. हालचाल कमी म्हणून गेलात आणि अलीकडे वाढीची सोनोग्राफी झालेली नसेल, तर ती करायची का हे स्वतःहून विचारा.

प्रश्न : घरी ठोके ऐकायचं छोटं मशीन घेतलंय. ठोके ऐकू आले की जिवाला बरं वाटतं.

उत्तर : बरं वाटतं, हाच त्यातला धोका. ठोके असणं आणि बाळ ठीक असणं या दोन गोष्टी एक नाहीत. त्रासात असलेल्या बाळाचेही ठोके चालूच असतात. शिवाय वारेतून किंवा तुमच्याच रक्तवाहिन्यांतून वाहणाऱ्या रक्ताचा आवाज त्यात येतो, आणि घाबरलेल्या आईची नाडी १२० पर्यंत गेली तर ती बाळाची वाटू शकते. हालचाल कमी झाल्यावर हे मशीन लावू नका.

प्रश्न : जुळी आहेत. कोण हललं ते कळत नाही. कसं मोजू?

उत्तर : जुळ्यांत दहाचा नियम लावू नका, एक बाळ दोघांचे दहा भरून काढू शकतं. सोनोग्राफीच्या वेळी कोण कुठल्या बाजूला आहे, वार कुठे आहे ते विचारून घ्या आणि दोन्ही बाजूंकडे वेगवेगळं लक्ष द्या. एक बाजू शांत झाली की तेवढं कारण पुरे.

प्रश्न : बाळ मध्येच खूप जोरात, सैरभैर झाल्यासारखं हललं. जास्त हालचालही वाईट का?

उत्तर : रोज जोर वाढत जाणं चांगलंच. पण एकदाच, कधी नव्हे अशी तडफड झाली आणि त्यानंतर बाळ शांत पडलं, तर ती हालचाल कमी होण्याइतकीच तातडीची समजा.

प्रश्न : बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून इंजेक्शनं दिली आणि तेव्हापासून हालचाल मंदावली.

उत्तर : त्या स्टिरॉइडमुळे एक-दोन दिवस हालचाल कमी होऊ शकते. झोपेची, तीव्र वेदनांची काही औषधंही तसंच करतात. पण मंदावण्याचं कारण औषधच आहे हे ठरवायचं काम डॉक्टरांचं. इंजेक्शनाची वेळ सांगून फोन करा.

प्रश्न : याच कारणासाठी मी दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा सगळं ठीक निघालं. आता तिसऱ्यांदा कमी वाटतंय. पुन्हा गेले तर उगाच त्रास देते असं वाटेल का?

उत्तर : जा. आधीचे दोन चांगले रिपोर्ट त्या त्या दिवसापुरते होते. उलट हालचाल पुन्हा पुन्हा कमी होणं हेच वाढीची सोनोग्राफी आणि डॉपलर करण्याचं कारण आहे, आणि ३९ आठवडे झाले असतील तर प्रसूती कधी करायची यावर बोलण्याचंही. फोनवर ‘जरा कमी वाटतंय’ असं म्हणू नका, कारण तसं बोललं की समोरूनही ‘उद्या या’ असं उत्तर येतं. किती आठवडे झाले, शेवटची नेहमीसारखी हालचाल किती वाजता झाली, त्यानंतर किती वेळात किती मोजल्या, हे तिसऱ्यांदा आहे, आणि रक्तगट निगेटिव्ह, रक्तदाब, साखर यातलं काही असेल तर ते, एवढं एका दमात सांगा. फाइल, आधीच्या एनएसटीचे कागद आणि मोजणीची वही सोबत घ्या.